एकच नंबर, पाच तारे

नाशिकमध्ये रविवारची मिसळ हल्ली खाण्याआधी वाचली जाते. पाहुणे आलेले असतात. गंगापूर रोडला जायचं की मखमलाबादकडच्या मळ्यात, काळ्या मसाल्याची खायची की लाल रश्शाची, असा वाद घरात रंगतो आणि कोणीतरी मोबाइल उघडून मोठ्याने वाचायला लागतं. ‘एकच नंबर’, ‘लय भारी’, ‘नादखुळा’, ‘तोडच नाही’, ‘शब्दच नाहीत’. दुसऱ्या ठिकाणाचं पान उघडावं तर तिथेही हेच. तिसरीकडेही हेच. सगळ्याच मिसळी एक नंबर असतील तर दोन नंबरची मिळते तरी कुठे, असं घरातलं एखादं शाळकरी पोर विचारतं. शेवटी वाद मिटतो तो ‘पार्किंग भरपूर आहे, मुलांना झोके आहेत’ या साध्या वाक्यावर. शेकडो माणसांनी तोंडभरून केलेल्या कौतुकाचा निवड करायला उपयोग झाला नाही. जोर नसलेल्या एका माहितीचा झाला.

हा अनुभव मिसळीपुरता नाही. साडी, मिक्सर, चपला, मोबाइलचं कव्हर, लेकराचं दप्तर, काहीही मागवायचं तर खाली उतरून लोकांचे अभिप्राय चाळायचे ही आता सवय झाली आहे. मराठीत हे लेखन वाढायला राजकीय आणि तांत्रिक कारणंही आहेत. २०२० च्या अखेरीस मनसेने मोठ्या खरेदी-ॲपवर मराठी हवी म्हणून आंदोलन केलं. २०२१ मध्ये ॲमेझॉनवर मराठी आली. मोबाइलवर देवनागरी लिहिणं सोपं झालं, बोलून टंकता येऊ लागलं. ज्यांनी शाळा सुटल्यानंतर पत्रापलीकडे काही लिहिलं नव्हतं, अशी माणसं आता चारचौघांसाठी लिहितात. लेखक म्हणून त्यांच्या हाती पहिली गोष्ट येते ती म्हणजे जोर.

जोराचा कारखाना

जोर द्यायला मराठीइतकी हौशी भाषा शोधावी लागेल. शेवटी नुसता ‘च’ लावला की काम होतं: ‘छानच’, ‘हीच घ्या’. व्याकरणाच्या पुस्तकांत हा ‘च’ शुद्ध शब्दयोगी अव्ययांत बसतो, कारण तो मागच्या शब्दाचं रूप न बदलता नुसता चिकटतो. त्यापुढे द्विरुक्ती: ‘गरम गरम’, ‘मस्त मस्त’. त्यापुढे भीतीचे शब्द: ‘भयंकर आवडलं’, ‘खतरनाक चव’, ‘डेंजर’, ‘जबरी’. ज्याने माणूस घाबरावा त्याच शब्दाने खूश झाल्याचं सांगायचं, ही खोड इंग्रजीलाही आहे आणि चिनीलाही. आणि या सगळ्यांवर कडी करणारी खास आपली रीत म्हणजे नकार. ‘तोड नाही’, ‘जवाब नाही’, ‘नाव ठेवायला जागा नाही’, ‘विषयच नाही’. मराठी माणूस फार खूश झाला की नाही म्हणतो.

नाशिकच्या अभिप्रायांत महाराष्ट्राचे सगळे वारे एकत्र वाहतात. ‘नादखुळा’ कोल्हापूरकडून आलेला. ‘लय भारी’ हे जुनंच बोलणं. २०१४ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आल्यावर ते शहरी मुलांच्याही तोंडी पक्कं बसलं. मालेगाव-सटाण्याकडचा अहिराणी बोलणारा आपल्या ढंगाने दाद देतो. पेन्शनीत निघालेले गुरुजी ‘रुचकर. स्वच्छता वाखाणण्याजोगी. आवर्जून भेट द्यावी.’ अशी पूर्णविराम असलेली वाक्यं लिहितात, तर त्यांचा नातू रोमन लिपीत दोन शब्द आणि पेटत्या ज्वाळांची पाच चित्रं टाकून मोकळा होतो. ‘खूप’ मधला ऊकार पाच-सहादा ओढणं हाही जोरच.

गंमत अशी की मराठीच्या जुन्या कारखान्यात जोराचा आणखी एक माल तयार व्हायचा, आणि तो या अभिप्रायांत फारसा दिसत नाही. पांढराशुभ्र आणि पांढराफटक. लालबुंद आणि लालभडक. पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, काळाभोर. आंबटढाण, गोडमिट्ट, कडूजहर, तिखटजाळ. मऊसूत, थंडगार. यातल्या प्रत्येक जोडशब्दात जोर आहेच, पण तो जोर फक्त त्याच गुणाचा आहे. ढाण असतं ते आंबटच, बुंद असतं ते लालच. शिवाय एकाच गुणातले प्रकारही त्यात वेगळे होतात. सदरा पांढराशुभ्र, भ्यालेला चेहरा पांढराफटक. केस काळेभोर, ढग काळेकुट्ट. ‘रस्सा तिखटजाळ आहे’ असं कोणी लिहिलं तर तो माणूस भारावलाय हेही कळतं आणि आपल्या पोटाला तो झेपेल की नाही हेही कळतं. ‘रस्सा जबरदस्त आहे’ यातून पहिलं कळतं, दुसरं नाही. ‘जबरदस्त’ मिसळीला चालतो, पंख्याला चालतो, विमा एजंटालाही चालतो. कुठेही चालणारा शब्द काहीच सांगत नाही.

म्हणजे अभिप्रायांत जोर फार झाला ही तक्रार अर्धवट आहे. जोर कमी नव्हताच कधी. बदललं ते एवढंच की माहिती पोटात घेऊन येणारा जोर मागे पडला आणि रिकामा जोर पुढे आला. हे का झालं, याचं उत्तर शोधायला नाशिकहून एकदा लासलगावला जावं लागतं आणि एकदा थेट चीनला.

लासलगावात ‘भारी’ला भाव नाही

निफाड तालुक्यातली लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने लागलेले, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनावरून दुसऱ्यावर सरकतोय, कोणी वरचा कांदा उचलून पाहतोय, कोणी हात खाली घालून तळातला काढतोय, आणि बोली चाललेली. इथे कांद्याचं वर्णन कसं होतं ते ऐकण्यासारखं आहे. आधी उन्हाळ की लाल. मग आकार: मोठा, मध्यम, गोल्टा, गोल्टी. मग दोष: जोड आहे का, डेंगळा आहे का, पत्ती सुटली आहे का, काजळी धरली आहे का, मोड फुटलाय का. शेवटी फळ्यावर आकडे येतात: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी, क्विंटलमागे रुपये.

या भाषेत ‘अप्रतिम’ नाही. कारण उघड आहे: शब्द तोंडातून निघाला की मागोमाग पैसे द्यायचे असतात. घेणारा कौतुक करील तर भाव चढेल, आणि दोष सांगायचा तर तो दाखवावा लागतो, कांदा हातात धरून. द्राक्षाचंही तसंच. दिंडोरी-निफाडच्या बागेतून परदेशी जाणाऱ्या मालाला मणी किती मिलिमीटरचा आणि साखर किती ब्रिक्स हे विचारतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांत त्या घडाविषयी काय आहे याची नोंद करायला कागदावर रकाना नसतो.

पण तोच व्यापारी लिलाव संपवून मिसळ खायला बसला की ‘एकच नंबर’ म्हणतो. ढोंग त्यात काही नाही. दोन कामांच्या दोन भाषा आहेत. एक घेण्याची, दुसरी दाद देण्याची. पहिलीत चूक झाली तर खिशाला चाट बसते, म्हणून ती कोरडी आणि नेमकी. दुसरी फुकट आहे, म्हणून ती सढळ. पूर्वी या दोन भाषा वेगवेगळ्या कानांवर पडायच्या. दाद मालकाला मिळायची, हात धुता धुता. माहिती शेजारणीला मिळायची, ओट्यावर, आवाज उतरवून: ‘चांगली आहे हो, पण दुपारनंतर नका जाऊ, रस्सा पातळ करतात.’ मोबाइलच्या त्या छोट्या चौकटीत मालक आणि शेजारीण दोघं एकाच वेळी वाचायला बसले आहेत. लिहिणारा मालकाकडे तोंड करून बोलतो आणि शेजारणीला वाटतं, हे मला सांगतायत.

शिवाय ती चौकट जास्त बोलायला लावते. गुगल मॅप्सच्या ‘लोकल गाइड’ योजनेत अभिप्राय लिहिला की १० गुण, तो २०० अक्षरांच्या पुढे गेला की आणखी १०, फोटोचे ५. सांगण्यासारखं दोनच ओळींचं असेल तर उरलेली जागा विशेषणांनीच भरायची ना! आणि कळफलकही मदतीला असतो. ‘खूप’ लिहिलं की पुढचा शब्द तोच सुचवतो. त्याच्या सुचवण्यात ‘आंबटढाण’ सहसा येत नाही.

जिथे ‘सर्वोत्तम’ला दंड आहे

चीनमध्ये ही कहाणी आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा मोठ्या पडद्यावर घडली. ताओबाओ हे तिथलं खरेदीचं महाजाल २००३ साली सुरू झालं. तिथल्या दुकानदाराची पत अभिप्रायांवरच ठरायची: चांगल्या अभिप्रायाचा एक गुण अधिक, वाईटाचा एक उणा. चार गुणांवर नावापुढे एक हृदय, २५१ वर हिरा, १०,००१ वर मुकुट. म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या शब्दावर दुकानाचा दागिना अवलंबून. त्यातून विक्रेत्यांची एक लाडिक बोलीच जन्माला आली. अनोळखी गिऱ्हाइकाला ‘छिन’ म्हणजे ‘लाडक्या’ अशी हाक मारून चांगला शेरा द्या ना, अशी गळ घालायची. ही बोली इतकी पसरली की २०११ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्यानेही समाजमाध्यमावरची नोकरभरतीची सूचना याच सुरात लिहिली.

गिऱ्हाइकंही कमी नाहीत. रडू येईल इतकं चविष्ट, हवेत उडू लागावं इतकं छान, ही त्यांची रोजची मापं. ‘कायमचा देव’ अशा अर्थाच्या शब्दांची चार रोमन आद्याक्षरं २०२१ च्या सुमारास चपलेपासून चहापर्यंत सगळ्यांना लावली जात होती. एक नियम तर आपल्याकडच्या कोणत्याही नाटककाराला सुचला नसता: ठरलेल्या मुदतीत गिऱ्हाईक काहीच बोललं नाही तर यंत्रणा आपणहून त्याच्या नावे चांगला शेरा नोंदवून टाकायची. तिथे मौन म्हणजे संमती नव्हे, स्तुतीच.

या सगळ्याला कायद्याची एक अजब पार्श्वभूमी आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित जाहिरात कायद्यानुसार चीनमध्ये जाहिरातीत ‘सर्वोत्तम’, ‘सर्वोच्च दर्जाचं’, ‘राष्ट्रीय दर्जाचं’ असे शब्द वापरायला बंदी आहे. दंड २ लाख ते १० लाख युआन. दुकानदाराच्या तोंडाला कुलूप लागलं. पण गिऱ्हाइकाने ‘सर्वोत्तम’ म्हणायला कोणतीच आडकाठी नाही. मग जे आपण बोलायचं नाही ते गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायची वाट अधिकच मोलाची होणार हे ओघानेच आलं. पार्सलमध्ये चिठ्ठी निघू लागली: फोटोसह पाच तारे द्या, काही युआन परत मिळवा. खोट्या मागण्या नोंदवून खोटे शेरे लिहिणाऱ्यांच्या टोळ्या तर आधीपासून होत्याच. पैसे घेऊन इंटरनेटवर लिहिणाऱ्यांना तिथे ‘जलसेना’ म्हणतात. पुढे २०१८ पासून अशा बनावटीला अनुचित स्पर्धेच्या कायद्याने पकडलं, आणि १ जानेवारी २०१९ च्या ई-कॉमर्स कायद्याने गिऱ्हाइकाचा शेरा पुसून टाकायला कंपन्यांना मनाई केली.

चीनकडून घेण्यासारखंही आहे. ताओबाओने दुकानाचे गुण तीन भागांत फोडले: वस्तू वर्णनाबरहुकूम आहे का, सेवा कशी, पोचवणूक कशी. आपल्याकडे या तिन्हींची खिचडी होते. ‘पार्सल वेळेत मिळालं, पोचवणारा मुलगा फार नम्र, अजून उघडून पाहिलं नाही’ आणि पाच तारे. दुसरं म्हणजे पुरवणी शेरा. वस्तू वापरून झाल्यावर काही महिन्यांनीसुद्धा आधीच्या शेऱ्याखाली नवा जोडता येतो. पहिल्या दिवशी ‘छान’ असलेली चप्पल पहिल्या पावसानंतर कशी आहे, हे तिथे कळतं.

ज्याची खावी पोळी

आपल्याकडेही पार्सलमधून अशा चिठ्ठ्या निघतात: पाच ताऱ्यांचा फोटो पाठवा, थोडे पैसे परत घ्या किंवा वॉरंटी वाढवून घ्या. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. ही टाळी रोखायला आपल्याकडचा कायदाही आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं: लिहिणारा खरा आहे का हे तपासायचं, पैसे देऊन शेरे घ्यायचे नाहीत, वाईट शेरे दडपायचे नाहीत. मात्र ते ऐच्छिक ठेवलं. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पण लबाडी सोडून दिली तरी प्रश्न उरतोच, कारण प्रामाणिक माणसंही एकसुरी लिहितात. हु, पॅव्हलू आणि झँग या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवलं की ताऱ्यांचा आलेख इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो: पाचांचा ढीग, एकाचा छोटा उंचवटा, मधे खड्डा. वस्तू आवडेल असं वाटणारेच ती विकत घेतात, आणि घेतलेल्यांतही फार खूश किंवा फार चिडलेले तेवढे लिहायला बसतात. ‘ठीक आहे’ वाटलेला माणूस मोबाइल खिशात टाकून निघून जातो. म्हणजे अभिप्रायाच्या पानावर जोर दिसतो याचं एक कारण, बेताचं बोलणारे तिथे येतच नाहीत.

खोटे शेरे ओळखायचे कसे, यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या मायल ऑट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शिकागोच्या २० हॉटेलांचे ४०० खरे आणि ४०० मुद्दाम लिहून घेतलेले खोटे अभिप्राय घेतले. माणसांना त्यांतला फरक नाणं उडवून सांगितल्याइतपतच कळला. संगणकाने मात्र दहांतले जवळजवळ नऊ बरोबर ओळखले. खोट्यांत ‘सर्वांत’ छापाची विशेषणं अधिक आणि ‘मी, माझं’ अधिक होतं. खऱ्यांत जागेचा तपशील होता: न्हाणीघर, मजला, खोली केवढी. जो तिथे राहिलाच नाही त्याला भिंती कुठून दिसणार? त्याच्याकडे उरते ती भावना, आणि भावना बनवायला स्वस्त.

मराठीपुरतं बोलायचं तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटांवर अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशी लेबलं लावून ‘महासेंट’ नावाचा संग्रह केला, यंत्राला मराठीतला भाव ओळखायला शिकवण्यासाठी. आपल्या दादेची रीत पाहता यंत्राची दया येते. ‘बेक्कार हसलो’ हे कौतुक, ‘वा, काय मिसळ, पाणी तेवढं छान होतं’ ही तक्रार, आणि ‘तोड नाही’ मधला ‘नाही’ कुठल्या बाजूला टाकायचा?

येवल्याचा पदर उलटून

रिकामा जोर सर्वांत महाग कुठे पडतो, तर येवल्याच्या पैठणीत. येवला नाशिकपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. हातमागावरची खरी रेशमी पैठणी विणायला आठवडे लागतात, भरजरी असेल तर महिने, आणि तिची किंमत त्याप्रमाणे. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ तिच्या काही अंशात मिळते. दोन्हींत वाईट काही नाही, कळून घेतली तर. पण मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींवर मोर सारखेच नाचतात आणि दोन्हींखाली ‘खूप सुंदर’, ‘अप्रतिम रंग’, ‘सासूबाईंना खूप आवडली’ हेच लिहिलेलं असतं.

आता याच साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या बायकांचं बोलणं ऐका. हिरवा म्हणून कोणी थांबत नाही. शेवाळी, मोरपिशी, पोपटी. लाल नाही, डाळिंबी, राणी, आमसुली. काठ नारळी आहे का, पदरावर असावली आहे की बांगडीमोर, हे नावानिशी. आणि मग एखादी जाणती बाई न बोलता पदर उलटा करते. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही सुलटीइतकीच साफ असते. यंत्रावरच्या साडीत मागे धागे लोंबताना किंवा कातरलेले दिसतात. ती एक कृती शंभर ‘अप्रतिम’ना पुरून उरते. अभिप्रायाखाली कोणी पदराच्या उलट्या बाजूचा फोटो टाकला असेल आणि ‘फोटोत राणी दिसतो, प्रत्यक्षात डाळिंबीकडे झुकतो’ एवढंच लिहिलं असेल, तर त्या बाईने पुढच्या गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवले.

शब्दांची ही संपत्ती दुकानात आहे आणि पडद्यावर नाही. लिहायला बसलं की आपण अचानक परके होतो, भाषणाला उभं राहिल्यासारखे. काही लिहायचं तर ते मोठं असावं असं वाटतं आणि मग ‘अप्रतिम’ येतो. तक्रारीतही तेच. ‘शून्य तारे देता येत नाहीत म्हणून एक दिला’, ‘पैसे पाण्यात’, ‘कोणीही घेऊ नका’. चिडलेल्या माणसाचा राग समजतो, पण मिक्सरचं भांडं गळतंय की मोटार तापतेय, हे रागात राहूनच जातं.

आपल्या जुन्या दुकानदारीत स्वतःची टिमकी न वाजवण्याचाही एक तोरा होता. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी म्हणजे चार शब्दांत केलेली आत्मस्तुतीच, पण एकही विशेषण न खर्चता. घरात जेवणाला ‘बरं झालंय’ म्हणणारे आजोबा दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. माहिती त्या दुसऱ्या वाढपात असायची. तो काळ परत आणायची गरज नाही, त्यात कंजूषपणाही भरपूर होता. राबणाऱ्या माणसाला मोकळी दाद मिळावी. तव्यापुढे उभ्या असलेल्या बाईला ‘एकच नंबर’ ऐकून बरं वाटत असेल तर ते जरूर म्हणावं, आणि शक्य तर तिच्या तोंडावर म्हणावं. कारण ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही’ ही म्हण पडद्यावरच्या बाजारात शब्दशः खरी ठरली आहे. मायकेल लुका या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या उपाहारगृहांचा हिशेब काढला तेव्हा, येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की साखळीत नसलेल्या उपाहारगृहाचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्याला दिसलं. मळ्यात चूल मांडून बसलेल्या माणसासाठी तुमचे दोन शब्द म्हणजे खरोखर पैसे आहेत.

तेव्हा वाचणाऱ्याने तीन-चार ताऱ्यांच्या शेऱ्यांपासून सुरुवात करावी. ‘पण’ तिथे असतो, आणि ‘पण’ लिहिणारा माणूस सहसा तिथे जाऊन आलेला असतो. लिहिणाऱ्याने जोर कमी करायची काहीच गरज नाही, तो योग्य जागी लावावा. मटकी मऊसूत की कचवट, तर्री लालभडक पण सौम्य की दिसायला साधी आणि तिखटजाळ, दही आंबटढाण की ताजं, पापड वेगळा मागावा लागतो की थाळीतच येतो. आठ कोटींहून अधिक लोकांच्या या भाषेने चवीच्या एकेका पायरीसाठी घट्ट जोडशब्द करून ठेवले आहेत, त्यांत जोरही आहे आणि बातमीही. ते वापरले तर मालकालाही शाबासकी पोचेल आणि शेजारणीलाही ठरवता येईल, पाहुण्यांना कुठे न्यायचं ते.